टेबलावर घडणारा सिनेमा

‘शोले’ला त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये एकच पुरस्कार मिळाला, आणि तो संकलनाचा होता. गब्बरचे संवाद तोंडपाठ असलेल्या माणसाला हे सांगितलं तर त्याला आधी पटत नाही. मग तो विचारतो, संकलक कोण होते? एम. एस. शिंदे, म्हणजे माधव शिंदे. ‘अरे, मराठी का?’ एवढं म्हणून होतं आणि गप्पा पुन्हा अमजद खानकडे वळतात.

ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग पुन्हा एकदा बघा, या वेळी फक्त तुकडे कसे जोडलेत त्याकडे लक्ष देऊन. गोळी सुटते, माणूस कोसळू लागतो आणि चित्र जागच्या जागी गोठतं. पुढची गोळी, पुढचा माणूस, पुन्हा तसंच. जमिनीवर पडलेल्या प्रेतापेक्षा हा अर्ध्यात अडकलेला देह जास्त वेळ डोळ्यांपुढे राहतो. झोपाळ्याची करकर ऐकू येत असते. शेवटी एक लहान मुलगा उरतो. गब्बर, बंदूक, मुलाचा चेहरा. बार होतो आणि पडद्यावर आगगाडी येते. याच गाडीने ठाकूर घरी निघालाय. त्या मुलाला गोळी लागताना कुणीही पाहिलेलं नाही, कारण तसं दृश्यच नाही. तरी ते आपण पाहिलं असं सांगणारे प्रेक्षक मला आजही भेटतात. प्रसंग सलीम-जावेदनी लिहिला, रमेश सिप्पींनी चित्रित केला, हे खरंच. पण पडणारा माणूस नेमक्या कुठल्या चौकटीवर थांबवायचा आणि बार झाल्यावर किती लवकर गाडी आणायची, या गोष्टी सेटवर ठरत नाहीत. त्या एका बंद, बहुधा अंधाऱ्या खोलीत, टेबलाशी बसून ठरतात.

त्या खोलीबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय. आपल्याकडे नटांची चरित्रं आहेत, दिग्दर्शकांच्या आठवणी आहेत, गाण्यांवर तर कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. अरुण खोपकरांनी ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ लिहिताना चित्रपटाच्या घडणीकडे ज्या बारकाईने पाहिलं, तसं पाहणारे लेखक मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यात संकलक, ध्वनिमुद्रक, फोली करणारे, रंग जुळवणारे, निगेटिव्ह कापणारे ही माणसं श्रेयनामावलीत येतात आणि तिथेच राहतात. या संग्रहात प्रामुख्याने तीच माणसं बोलतात.

नवख्या वाचकासाठी आधी या कामाचा आवाका सांगतो. चित्रीकरण संपल्यावर चित्रपटगृहात जाईपर्यंत जे जे होतं त्या सगळ्याला आपण सैलपणे ‘पोस्ट’ म्हणतो. रोजचं चित्रीकरण, म्हणजे रशेस, नीट लावून घ्यायचे, चित्राला आवाज जुळवायचा, सगळे टेक बघायचे. मग पहिली जुळणी, मग रफ कट, मग महिनोन्‌महिने चालणारी घासाघीस, आणि एक दिवस ‘एडिट लॉक’. लॉक झालं की चित्र ध्वनीच्या माणसांकडे जातं: डबिंग, पावलांचे आणि कपड्यांच्या सळसळीचे आवाज देणारे फोली कलाकार, वातावरणाचे थर, पार्श्वसंगीत, शेवटी मिक्सिंग. दुसऱ्या बाजूला व्हीएफएक्स आणि रंगांचं काम, ज्याला सगळे ‘डीआय’ म्हणतात. सरतेशेवटी डीसीपी तयार होते, म्हणजे चित्रपटगृहाच्या सर्व्हरवर चढवायची फाइल. कागदावर हा क्रम सरळ दिसतो. प्रत्यक्षात लॉक झालेलं एडिट किमान तीनदा तरी उघडतं, आणि ज्याने ते उघडायला लावलं तो कधीच कबूल होत नाही.

सिनेमा जन्मला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या ज्या फिती दाखवल्या गेल्या, त्यांतली प्रत्येक एका दमात घेतलेलं एकच दृश्य होती. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९मध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं, तेही तसंच. दृश्य तोडून दुसऱ्याला जोडलं तर प्रेक्षक गोंधळेल ही भीती तेव्हा अगदी रास्त वाटत असणार. अमेरिकेत एडविन पोर्टरने १९०३मध्ये ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’त एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेतली आणि प्रेक्षक गोंधळला नाही. पुढे ग्रिफिथने समांतर चालणाऱ्या घटना आलटून पालटून दाखवत ताण कसा वाढवायचा ते पक्कं केलं. ‘इन्टॉलरन्स’मध्ये, १९१६ साली, त्याने चार वेगवेगळ्या काळांतल्या गोष्टी एकमेकींत गुंफल्या. चित्रपट चालला नाही. पण रशियातल्या तरुणांनी तो पारखून पारखून पाहिला.

आपल्याकडची सुरुवात दादरच्या एका घरात झाली. फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकंही पाडलेली नसत. ती रात्री अंधारात पाडायची, फिल्म धुवायची रसायनं कालवायची, तुकडे जोडायचे, ही कामं सरस्वतीबाई फाळके करत. दिवसा त्याच युनिटचा स्वयंपाक करत. आज त्यांचा उल्लेख भारतातल्या पहिल्या चित्रपट-संकलक म्हणून होऊ लागलाय. पण ३ मे १९१३ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला तेव्हा आणि नंतरही कित्येक दशकं, त्यांची ओळख ‘दादासाहेबांना साथ देणारी पत्नी’ एवढीच राहिली. ही एकट्या भारताची कथा नाही. हॉलिवुडच्या मूकपटांच्या काळात कापण्या-जोडण्याचं काम मुख्यतः बायका करत, कारण ते शिवणकामासारखं नीटनेटक्या हातांचं, म्हणून दुय्यम, समजलं जाई. बोलपट आले, काम ‘तांत्रिक’ ठरलं, आणि पुरुष मोठ्या संख्येने खुर्चीत येऊन बसले. तरी मार्गारेट बूथ, अ‍ॅन बॉकेन्स या टिकल्या. बॉकेन्स १९४०च्या ‘नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलीस’साठी संकलनाचं ऑस्कर मिळवणारी पहिली स्त्री ठरली.

संकलनाचा विचार म्हणून जे काही आहे त्याची पहिली मांडणी रशियात झाली. क्रांतीनंतर कच्च्या फिल्मचा तुटवडा होता. लेव्ह कुलेशोव्हचे विद्यार्थी जुन्याच फिती पुन्हा पुन्हा कापून शिकत. कुलेशोव्हचा प्रसिद्ध प्रयोग त्यातलाच: नट मोझुखिनचा एकच निर्विकार चेहरा, त्याच्यापुढे एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी जोडलेली, आणि बघणाऱ्याला त्या चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख दिसतं. पुडोव्हकिन म्हणे दृश्यं एकावर एक रचली जावीत. आयझेनस्टाइन म्हणे त्यांची टक्कर व्हावी, आणि त्या टकरीतून तिसराच विचार निघावा. ‘बॅटलशिप पोटेम्किन’मधला ओडेसाच्या पायऱ्यांचा प्रसंग, १९२५ सालचा, त्या मताचा जाहीरनामाच आहे. झिगा व्हर्टोव्हने ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’त (१९२९) तर खुद्द संकलकालाच पडद्यावर आणलं. फितींच्या गुंडाळ्यांमध्ये बसून तुकडे निवडणारी ती बाई म्हणजे येलिझावेता स्विलोव्हा, चित्रपटाची संकलक आणि व्हर्टोव्हची पत्नी. एस्फिर शुबने १९२७मध्ये झारच्या काळातल्या जुन्या वृत्तफिती जोडून झारशाहीविरुद्धचा चित्रपट उभा केला. एकही नवं दृश्य न घेता चित्रांचा अर्थ उलटा करता येतो, हे तिने दाखवलं, आणि आजच्या बातमीबाजाराने ते पूर्णपणे आत्मसात केलंय.

हॉलिवुडची वाट अगदी वेगळी होती. कट दिसताच कामा नये, प्रेक्षकाने गोष्टीत असावं, नजरेची दिशा आणि हालचाल जुळावी, म्हणजे जोड लक्षातच येत नाही. या शिस्तीला पुष्कळांनी नावं ठेवली, पण जगातले बहुतेक चित्रपट आजही त्याच शिस्तीत कापले जातात, आणि नव्या मुलाने तीच आधी शिकावी असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझांचा आक्षेप दोन्ही पंथांवर होता: इतकं कापता कशाला, दृश्य चालू राहू द्या, कुठे बघायचं ते प्रेक्षकाला ठरवू द्या. त्याच्याच वर्तुळातून आलेल्या गोदारने १९६०मध्ये ‘ब्रेथलेस’मध्ये गाडीतल्या संवादाच्या मधले तुकडे सरळ काढून टाकले. माणूस जागेवरच, मागचा रस्ता मात्र उड्या मारतो. तो धक्का आता इतका अंगवळणी पडलाय की मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ करणारा प्रत्येक जण श्वास आणि ‘अं’ कापून तेच करतो, फक्त त्याला गोदार माहीत नसतो.

आपल्या चित्रपटांनी या पंथांतलं काय घेतलं याचा हिशोब कुणी नीट मांडलेला नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) सुरू होतो तेव्हा तुकाराम विठ्ठलापुढे अभंग गात असतात. काही वेळाने तोच अभंग देवळात सालोमालो स्वतःचा म्हणून, हावभावांसह, गातो. दोन गाणाऱ्यांचा हा शेजार म्हणजे अख्ख्या चित्रपटाचं भांडण, आणि ते सांगायला एकही शब्द खर्च केलेला नाही. प्रभातच्या मंडळींनी कुलेशोव्ह वाचला होता की नाही हा प्रश्न गैरलागू आहे. कीर्तनात बुवा पूर्वरंग आणि उत्तररंग जोडतात, तो जोड ऐकत वाढलेल्या लोकांना एकापुढे एक ठेवण्याची ताकद बाहेरून शिकावी लागत नाही. ‘कुंकू’त (१९३७) शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत टाळून घरातल्या आवाजांवर भिस्त ठेवली. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं घड्याळ तिथे पात्रासारखं वावरतं. ध्वनिसंकलन ही काल-परवाची गोष्ट आहे असं मानणाऱ्यांनी तो चित्रपट कान उघडे ठेवून बघावा.

हिंदी आणि मराठी संकलकापुढे आणखी दोन प्रश्न असतात, जे परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. पहिला मध्यंतराचा. आपल्या चित्रपटाला दोन शेवट लागतात, आणि पहिला शेवट असा हवा की चहा पिऊन माणूस परत खुर्चीत यावा. लांबी कमी करताना मध्यंतर सरकतं, आणि मध्यंतर सरकलं की अर्धा चित्रपट पुन्हा मांडावा लागतो. दुसरा प्रश्न गाण्याचा. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं असतं, त्याची लांबी ठरलेली असते, लय ठरलेली असते. संकलक तिथे चित्राचा मालक नसतो, तालाचा नोकर असतो. प्रत्येक मात्रेवर कापणारे संकलक सरधोपट वाटतात. मुरलेला माणूस सम चुकवून, किंचित आधी किंवा नंतर कापतो. वाय. जी. चव्हाण यांनी ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’मधली गाणी कशी कापली आहेत ते यासाठी बघावं.

या पिढ्यांमधली काही नावं वाचकाच्या कानावर असावीत. हृषीकेश मुखर्जी दिग्दर्शक होण्याआधी बिमल रॉय यांचे संकलक होते, आणि पुढेही दुसऱ्यांच्या चित्रपटांचं संकलन करत राहिले. मल्याळम ‘चेम्मीन’मध्येही त्यांचा हात आहे. सत्यजित राय यांचे चित्रपट ‘पथेर पांचाली’पासून दुलाल दत्त यांनी संकलित केले. गोव्यातल्या पोंबुर्फ्याचे वामन भोंसले पन्नासच्या दशकात मुंबईत आले, बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली शिकले. गुरू शिराळी यांच्यासह त्यांनी ‘दो रास्ते’, ‘मेरा गांव मेरा देश’ असे एकामागून एक चित्रपट केले. ‘इनकार’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आली. प्रभातच्याच जागेवर १९६०मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने संकलन हा शिकवायचा विषय केला. रेणू सलुजा तिथल्याच. ‘जाने भी दो यारो’, ‘अर्धसत्य’, ‘परिंदा’, ‘बँडिट क्वीन’: विनोद, चीड, गुन्हेगारी, क्रौर्य, चार वेगळे स्वभाव एकाच बाईच्या हातून गेले. ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २०००मध्ये त्या फार लवकर गेल्या. त्यांच्यावर निघालेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच ‘इन्व्हिजिबल’ हा शब्द आहे.

माहितीपट हे वेगळं राज्य आहे. तिथे पटकथा आधी नसतेच, ती टेबलावर लिहिली जाते. फिल्म्स डिव्हिजनमध्ये, सरकारी छताखाली, प्रमोद पतींनी १९६८च्या ‘एक्स्प्लोरर’मध्ये जे वेगवान, अंगावर येणारं संकलन केलं, त्याकडे आज जाहिरातवाल्यांनीही बघायला हरकत नाही. आनंद पटवर्धन आपले माहितीपट स्वतः संकलित करतात. रमाबाई नगरच्या गोळीबारापासून सुरू होणारा ‘जय भीम कॉम्रेड’ त्यांनी चौदा वर्षं चित्रित केला. चौदा वर्षांचा माल समोर असताना पहिलं दृश्य कुठलं ठेवायचं, हा प्रश्न तंत्राचा राहतच नाही.

आता त्या खोलीकडे येतो, कारण या पुस्तकाचं खरं निमित्त तिथेच आहे.

फिल्मवर संकलन व्हायचं तेव्हा ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात सोळा चौकटी असत. सेकंदाला चोवीस, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट, आणि अडीच तासांचा चित्रपट साडेतेरा हजार फुटांचा. मूळ निगेटिव्ह लॅबमध्ये जपून ठेवलेली असे. टेबलावर यायची ती तिची पॉझिटिव्ह प्रत. सहायक सकाळी येऊन रशेस सिंक करायचा: क्लॅपच्या दोन पट्ट्या जिथे भिडतात ती चौकट शोधायची, मॅग्नेटिक पट्टीवर ‘टक्’ शोधायचा, दोन्हींवर पेन्सिलीने खूण करायची. मग मूव्हिओलावर, नंतरच्या काळात स्टीनबेकवर, संकलक दृश्य पुढे-मागे फिरवायचा, मेणाच्या पेन्सिलीने चौकटीवर रेघ मारायचा, स्प्लायसरमध्ये फीत दाबायचा, चिकटपट्टी लावायचा. उरलेला तुकडा, तो दोन चौकटींचा असला तरी, फेकायचा नाही. त्यावर सीन, शॉट, टेक लिहून कापडी पिशवी लावलेल्या चौकटीवर खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी दिग्दर्शक म्हणणार, ‘तो आणखी अर्धा सेकंद थांबू दे.’ तेव्हा शेकडो लोंबणाऱ्या तुकड्यांतून बारा चौकटींचा तुकडा सहायकाने काढून द्यायचा. तो मिळाला नाही तर काय ऐकावं लागायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं ठरलं की काठावरच्या आकड्यांवरून निगेटिव्ह कापली जायची, आणि तिथे चुकीला माफी नव्हती. निगेटिव्ह कापणारा माणूस हातमोजे घालून बसायचा आणि कापण्यापूर्वी आकडा मोठ्याने वाचायचा.

हे सगळं कष्टाचं होतं. मला त्या काळाचा उमाळा येत नाही. ज्यांना येतो त्यांनी बहुधा जॉइंट स्वतः लावलेले नसतात. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप व्हायची. खोलीत कायम दुसरा, तिसरा माणूस असायचा. तुकडा काढून देणारा पोरगा दिग्दर्शक आणि संकलकाचं भांडण ऐकायचा. दृश्य अर्धा सेकंद लांबवल्यावर नेमकं काय बदललं हे त्याला कुणी शिकवत नसे. तो तिथे उभा असे म्हणून त्याला ते दिसे. फीत गुंडाळायला जो वेळ लागायचा, त्या वेळात संकलक विचार करायचा, आणि तो विचार पुष्कळदा तोंडाने करायचा. गुरुकुल वगैरे मोठे शब्द नकोत, पण कौशल्य एका हातातून दुसऱ्या हातात जायची ती वाट होती.

ती वाट काही वर्षांतच बुजली. संगणकावर संकलन करायची एविड यंत्रणा १९८९मध्ये आली. १९९६च्या ‘द इंग्लिश पेशंट’साठी वॉल्टर मर्चना मिळालेलं संकलनाचं ऑस्कर हे संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला मिळालेलं पहिलं. १९९९मध्ये फायनल कट प्रो आलं आणि घरच्या संगणकावर संकलन शक्य झालं. रंगांसाठीची दा विंची यंत्रणा एके काळी फक्त मोठ्या लॅबना परवडायची. ब्लॅकमॅजिकने २००९मध्ये ती कंपनी घेतली, आणि काही वर्षांत रिझॉल्व्हची एक आवृत्ती चक्क फुकट मिळू लागली. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मालेगावात २०००मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हाच याची चाहूल लागायला हवी होती. ज्या चित्रपटाचं संकलन शिंद्यांनी एका मोठ्या कंपनीच्या खर्चाने केलं, त्याची नक्कल यंत्रमागाच्या गावातली पोरं व्हीसीआरवर करत होती. आज नासिरच्या तेव्हाच्या साधनांहून कितीतरी भारी साधन कॉलेजातल्या मुलीच्या खिशात असतं.

साधन मिळालं. शेजारी उभं राहणं गेलं. आजचा सहायक बहुतेकदा वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी, बरेचदा वेगळ्या शहरात बसतो. तो ड्राइव्ह कॉपी करतो, प्रॉक्सी बनवतो, फाइलींना नावं देतो आणि पाठवून देतो. निर्णय कसा झाला ते त्याला कळत नाही, झालेला निर्णय कळतो. त्यात चित्रित मालाचा पूर. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’साठी मार्गारेट सिक्सेलसमोर सुमारे ४८० तासांचं चित्रण होतं. आपल्याकडे प्रमाण एवढं नसेल, पण फिल्म महाग होती तेव्हा ‘अ‍ॅक्शन’च्या आधी होणारा विचार आता ढीग बनून टेबलावर येतो, आणि तो उपसायला वेळ तेवढाच, कित्येकदा कमी. नव्या मुलांना महिनोन्‌महिने फुकट राबवण्याची पद्धत या क्षेत्रात राजरोस चालते. तिच्याबद्दल या पुस्तकात दोघांनी स्वतःचं नाव देऊन लिहिलंय. त्यांचं मला विशेष कौतुक वाटतं.

या परिस्थितीत शिकणाऱ्याचा आधार काय? बटणं शिकवणारे व्हिडिओ चिक्कार आहेत, आणि त्यातले पुष्कळ चांगले आहेत. मीही ते बघतो. पण कुठलं बटण दाबायचं आणि ते दाबायचं की नाही, हे दोन वेगळे धडे आहेत. दुसऱ्या धड्यासाठी इंग्रजीत कॅरेल राइसचं १९५३ सालचं ‘द टेक्निक ऑफ फिल्म एडिटिंग’ आहे, मर्च यांचं ‘इन द ब्लिंक ऑफ अ‍ॅन आय’ आहे. मर्च यांनी कटच्या सहा निकषांना टक्केही वाटून दिले: भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, आणि जागेच्या अचूक सातत्याला शेवटचे ४. टक्केवारी गमतीने घ्यावी, क्रम मात्र गंभीरपणे. हातातला पेला एका कटमध्ये उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे असला तरी भावना सलग असेल तर कुणाचं लक्ष जात नाही. लक्ष गेलंच, तर दोष पेल्याचा नसतो.

हे सगळं आत्ताच का वाचायचं याचं एक कारण सिनेमाच्या बाहेरचं आहे. पंचवीस मिनिटांच्या भाषणातली अकरा सेकंदं कापून ती फिरवली की माणूस काय बोलला याचा अर्थ उलटतो. वक्त्याच्या वाक्यानंतर हसणारा श्रोता जोडला, तर ते वाक्य विनोदी होतं. तो श्रोता दहा मिनिटं आधी, दुसऱ्याच कारणाने हसलेला असू शकतो. कुलेशोव्हला यासाठी प्रयोगशाळा लागली. आता हे निवडणुकीच्या आदल्या रात्री कुणीही बसल्या जागी करतो. यंत्राने बनवलेल्या खोट्या चेहऱ्यांची आपल्याला धास्ती वाटते. ती रास्त आहे. पण अस्सल चेहऱ्याचं अस्सल वाक्य चुकीच्या जागी कापून ठेवणं हे त्याहून जुनं, स्वस्त आणि पकडायला कठीण काम आहे. कट कुठे झाला हे ओळखता येणं ही आता प्रत्येक मतदाराची गरज आहे.

दुसरं कारण मराठी सिनेमाचंच. ‘कोर्ट’मध्ये रिखव देसाई यांनी दृश्य संपल्यावरही कॅमेरा रेंगाळू दिला, न्यायालय रिकामं होईपर्यंत आपल्याला बसवून ठेवलं. ‘सैराट’ (संकलन : कुतुब इनामदार) शेवटाला येऊन आवाजच काढून घेतो आणि मूल चालत राहतं. दोन्ही चित्रपटांवर पुष्कळ चर्चा झाली, जातीवर, न्यायावर, प्रेमावर, आणि व्हायलाच हवी होती. पण ते आपल्यापर्यंत इतके का पोचले याचं अर्धं उत्तर न कापलेल्या सेकंदांत आणि काढून घेतलेल्या आवाजात आहे. ते उत्तर बोलून दाखवायला आपल्याकडे भाषा तयार व्हायला हवी.

या पुस्तकाने ती सगळी तयार केली असा दावा मी करणार नाही. संपादकांनी वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या कामांतल्या माणसांना एकाच गोष्टीची गळ घातली: तुमच्या हातून गेलेलं एक दृश्य घ्या आणि ते असं का झालं ते सांगा. त्यामुळे इथे सिद्धान्त कमी आणि वाद जास्त सापडतील. एक ध्वनिसंयोजक पार्श्वसंगीतावर रागावून लिहितो, तर त्याच्या पुढच्याच लेखात संगीताची बाजू जोरात मांडलेली आहे. संपादकांनी दोघांचा समेट घडवला नाही हे बरं केलं. सॉफ्टवेअरच्या सूचना जवळजवळ नाहीत. छापून होईपर्यंत त्या शिळ्या होतात. अपवाद फाइली सांभाळण्याच्या लेखाचा: प्रत्येक मालाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. हा नियम शिळा होणारा नाही, आणि तो न पाळल्यामुळे गेलेल्या चित्रपटांची नावं कुणी सांगत नाही. रंगांवरचा विभाग मला तोकडा वाटला. पुढच्या आवृत्तीत तो वाढावा. वेब मालिका आणि लग्नाच्या चित्रफिती दोन्हींना जागा दिली आहे, त्यातल्या दुसऱ्यांना जागा देण्याचं धाडस मला आवडलं. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत संकलनावर पोट भरणारी माणसं मुख्यतः तीच कामं करतात.

वाचकाने हे पुस्तक शेजारी चित्रपट लावून वाचावं. लेखात उल्लेख असलेलं दृश्य आधी आवाज बंद करून बघावं, मग चित्राकडे पाठ करून नुसतं ऐकावं, मग लेख वाचावा. पटला नाही तर संपादकांना तसं कळवावं.

आणि एक विनंती. या कामाचे कागद फार झपाट्याने नाहीसे होताहेत. निगेटिव्ह कापणाऱ्यांच्या आकड्यांच्या वह्या, ध्वनिमुद्रकांचे क्यू-शीट, संकलकांनी दिग्दर्शकांना लिहिलेल्या चिठ्ठ्या मुंबई, पुणे आणि कोल्हापुरातल्या घरांच्या माळ्यावर पडून आहेत, आणि घर बदलताना रद्दीत जातात. तुमच्या घरात कुणी या धंद्यात असेल आणि असं काही सापडलं, तर ते टाकू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा, नाहीतर निदान त्याची छायाचित्रं काढून ठेवा, आणि तो माणूस हयात असेल तर मोबाइल चालू करून त्याच्या शेजारी बसा.